धोकटीतील वस्तरा : त्याचा इतिहास व जीर्णोद्धार

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मनात आले ते आपल्या थोर पुरुषांचे चरित्र. परंतु श्रीसंत सेना महाराजांचे चरित्र आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार परतविणाऱ्या जिवाजी महाले यांची कथाही घरोघरी सांगितली जाते. ज्या हत्याराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरची चूल पेटती ठेवली, त्याच्याविषयी मात्र आपण क्वचितच लिहितो. ते हत्यार म्हणजे वस्तरा. ह्या लेखात त्याचा इतिहास यथामती सांगून, जुना वस्तरा पुन्हा कामाचा कसा करावा व तो का राखावा, ह्याचा विचार करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना अंक व अक्षरे शिकविली, एवढाच अधिकार. त्यात एका चुकीच्या अनुभवाची भर आहे, ती पुढे येईलच.

प्राचीन काळ

‘वस्तरा’ हा शब्द फारसी ‘उस्तरा’ ह्यापासून आला. परंतु वस्तू त्याहून फार प्राचीन आहे. संस्कृतात तिला ‘क्षुर’ म्हणत. त्यावरूनच ‘क्षौर’ हा शब्द झाला व आपल्या स्वयंपाकघरातील ‘सुरी’ही त्याच कुळातली. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात क्षौरकर्माचे एक सूक्त असून त्यात साक्षात सविता देव क्षुर घेऊन आल्याचे वर्णन आहे. चौल संस्कारात त्याला मानाचे स्थान मिळाले. कठोपनिषदाच्या ऋषीला आत्मज्ञानाची वाट किती कठीण हे सांगावयाचे होते, तेव्हा उपमेसाठी क्षुराच्या धारेखेरीज दुसरी वस्तू सापडली नाही.

बौद्ध वाङ्मयात तर आपल्या व्यवसायाचा मोठा गौरव आहे. शाक्यांचा नापित उपाली ह्याने भगवान बुद्धांपाशी दीक्षा घेतली व विनयाचा, म्हणजे संघाच्या शिस्तीचा, तो सर्वांत अधिकारी ज्ञाता ठरला. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहास पहिली संगीती भरली, तेव्हा विनयाचे पठण करण्याचा मान उपालीस मिळाला. त्याच विनयग्रंथात भिक्षूंना वस्तरा, वस्तऱ्याची शिळा व वस्तरा ठेवण्याची पिशवी बाळगण्याची अनुज्ञा आहे. आपल्या धोकटीचे इतके जुने वर्णन वाचून कोणाही नाभिकाच्या अंगावर रोमांच उभे राहतील.

धार लावण्याच्या शास्त्राविषयी सर्वांत स्पष्ट लिहिले ते सुश्रुताचार्यांनी. त्यांची शस्त्रे शल्यकर्माची खरी, पण नियम तेच. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात ते सांगतात की, शस्त्र पाजविण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा असावी आणि धार स्थिर करण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी असावी. पोलादाला क्षार, पाणी व तेल अशा तीन प्रकारांनी ‘पाणी’ देण्याची रीतही ते देतात. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराच्या जाडीची असावी, लेखनाच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, वेधनाच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी, असे मापही त्यांनी घालून दिले. केस कापील तेच शस्त्र हाती घ्यावे, अशी त्यांची आज्ञा आहे. माझे आजोबा मनगटावरची लव काढून वस्तऱ्याची परीक्षा घेत. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि सुश्रुताचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते.

पोलादाचा प्रवास

पूर्वी गावचा लोहार किंवा फिरता शिकलगार वस्तरा घडवून व पाजवून देई. त्याचे पोलाद मात्र साधे नसे. दक्षिणेत मुशीत शिजविलेले उत्तम पोलाद होत असे व युरोपात त्याला ‘वूट्झ’ म्हणत. आपला जालना भाग ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, त्याच संस्थानातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील पोलाद विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी मुक्काम टाकून राहत. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास ह्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट हे ह्या पोलादाचे मोठे चाहते. पुढे १८२० ते १८२२ ह्या काळात त्यांनी व मायकेल फॅरडे यांनी मिळून हिंदी पोलादाचे गुण कशामुळे येतात ते शोधण्यासाठी निरनिराळ्या धातूंची मिश्रणे केली. विजेचे शोध लावणारे हेच ते फॅरडे. त्या मिश्रणांचे त्यांनी वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. अशा रीतीने आधुनिक मिश्रपोलादाच्या संशोधनाचा एक धागा दक्षिण हिंदुस्थानच्या मुशीपर्यंत पोचतो, आणि त्याची परीक्षा झाली ती वस्तऱ्यावर.

दरम्यान इंग्लंडमधील शेफील्ड येथे घड्याळे करणाऱ्या बेंजामिन हंट्समन ह्याने १७४० नंतरच्या दशकात मुशीतील पोलादाची आपली रीत बसविली होती. तेथून कारखानदारी वाढली. जर्मनीतील झोलिंगेन हे दुसरे मोठे ठिकाण. तेथील काही कारखानदार आपल्या मालावर शेफील्डचे नाव ठोकू लागले, तेव्हा शेफील्डच्या कारागिरांनी ओरड केली आणि १८८७ च्या इंग्लंडच्या कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. आपल्याकडील जुन्या वस्तऱ्याच्या शेपटीजवळ भिंगाने पाहिले असता जी बारीक अक्षरे दिसतात, त्यांचा इतिहास हा असा आहे. इंग्रजी अमलात छावण्या व रेल्वे ह्यांच्याबरोबर विलायती वस्तरे गावोगाव पोचले. जालन्यास लष्करी छावणी होती व पुढे मनमाड-हैदराबाद लोहमार्गही आला. माझ्या आजोबांच्या धोकटीत दोन वस्तरे होते. एकावर जोसेफ रॉजर्स ह्या शेफील्डच्या पेढीची तारा व क्रूस ही मुद्रा होती, दुसरा झोलिंगेनचा. सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यातून पै-पै साठवून त्यांनी ते घेतले होते, असे वडील सांगत.

धारेचा उपयोग व दुरुपयोग

आपल्या वस्तऱ्याने चांगले तेवढेच केले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ज्याच्या घरी मुलगा जन्मला त्याच्या आनंदात आपण होतो, तसे ज्या घरी कोवळी मुलगी विधवा झाली त्या घरीही आपल्यालाच बोलावणे येई. केशवपनाची ती दुष्ट रूढी आपल्याच हातून पार पडे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. पोटावर पाय येत असता घेतलेला हा निश्चय आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील सोन्याचे पान आहे.

दुसरे पान मात्र काळे आहे आणि तेही वाचले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यास न्हावी पुष्कळ होते व पैसे देण्याची ऐपतही होती, तरी कोणी न्हावी त्यांच्या केसांना हात लावीना. त्यामुळे थोरली बहीणच घरी भावांचे केस कापीत असे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध फौजदारी कायदा झाला. त्यानंतरही कित्येक गावांत आपली दुकाने काहींना बंद राहिली. अंबड तालुक्यातील आमच्या गावीही हा भेद पाळला जाई व माझ्या आजोबांनीही तो पाळला. गावाचा धाक होता हे खरे, पण ज्याला परत जावे लागले त्याचे दुःख तेवढ्याने कमी होत नाही. वडिलांनी तो मोडला, तेव्हा सुगीचे दोन हंगाम काही घरांनी आमचे बलुते अडवून ठेवले होते. ही गोष्ट वडिलांनी मला एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही.

वस्तरा पेटीत गेला

अमेरिकेत जिलेट यांनी सुटी पाती बसविण्याचा वस्तरा काढला. १९०३ मध्ये पहिल्या वर्षी त्यांचे ५१ वस्तरे व १६८ पाती एवढीच विक्री झाली. पुढे त्यांनी सारे जग व्यापले. आपल्याकडे दुकानातून जुना वस्तरा हटला तो बऱ्याच उशिरा. १९८६ मध्ये भारतात एड्सच्या विषाणूचा शोध लागला आणि एकाच धारेने अनेकांची दाढी करण्यातला धोका लोकांस कळला. काविळीचा एक प्रकारही तसाच रक्तातून पसरतो. तेव्हा अर्धे पाते बसवून प्रत्येक गिऱ्हाइकामागे ते टाकून देण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे. मी जुन्या वस्तऱ्याचा अभिमानी असलो तरी तो दुकानात परत आणावा असे म्हणणार नाही. एक वस्तरा एकाच माणसाच्या दाढीस, हा नियम मोडू नये.

परंतु वापरातून गेलेली वस्तू घरातून जावी काय? आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि जालना शहर आज लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे. मोडीचे लोखंड भट्ट्यांत वितळवून त्याच्या सळया होतात. आपल्या कित्येक घरांच्या धोकट्या भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन त्याच भट्टीच्या वाटेला लागल्या असतील. शंभर वर्षे जपलेल्या वस्तऱ्याचे वजन ते किती, आणि त्याला किलोच्या भावाने येणार ते काय!

एक चूक

आता माझी चूक सांगतो. निवृत्त झाल्यावर पत्र्याच्या पेटीतून धोकटी काढली. आत आरसा, नराणी, चिमटा, कातर व ते दोन वस्तरे. दोन्ही गंजलेले, रॉजर्सच्या धारेस दोन खांडे पडलेले. मोठ्या उत्साहाने तो रॉजर्स घेऊन मी शहरात विजेच्या चाकावर धार लावून देणाऱ्या एका इसमाकडे गेलो. त्याने चाक सुरू केले, ठिणग्यांचा फवारा उडाला आणि दोन मिनिटांत चकचकीत पाते माझ्या हाती आले. धारेच्या कडेने मोरपिशी निळा पट्टा उमटला होता. मला तो शोभिवंत वाटला. घरी येऊन पट्ट्यावर घासला, दाढीस लावला, तर केस कापण्याऐवजी उपटू लागला. पुन्हा पाजवला, दोन दिवसांत पुन्हा बोथट.

त्या निळ्या रंगाचा अर्थ मला नंतर कळला. वस्तऱ्याचे पोलाद लाल करून विझविले की काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. मग हलकी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. त्या वेळी पात्यावर सुमारे २२० अंशांस फिकट पिवळी झाक येते. तेथेच थांबावयाचे असते. ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो आणि धार धरण्याइतके काठिण्य उरत नाही. आपल्या भाषेत, वस्तऱ्याचे पाणी उतरते. पाण्याशिवाय फिरणाऱ्या चाकावर पातळ धार काही क्षणांत इतकी तापते. आजोबांच्या चाळीस वर्षांच्या जपणुकीवर मी दोन मिनिटांत पाणी फिरविले. दोष त्या इसमाचा मानत नाही. त्याने विळे-कोयत्यांना लावतात तशी धार लावली. विचारावयास हवे होते ते मी.

जीर्णोद्धाराची रीत

दुसरा वस्तरा मी एका वृद्ध शिकलगाराकडे नेला. त्याने तो तीन दिवस ठेवून घेतला व मला शेजारी बसवून सर्व रीत दाखविली. ती येथे क्रमाने देतो.

प्रथम मूठ पाहावी. शिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर कीड व तडे पाहावेत. सेल्युलॉइडची असेल तर वास घ्यावा, कारण त्यात कापूर असतो. ही मूठ जुनी होऊन कुजू लागली की तिच्यातून निघणारी वाफ पात्यास गंजविते. अशी मूठ काढून नवी बसविणे हाच उपाय. पितळी खिळ्याचे डोके हलके कानशीने घासून तो ठोकून काढावा, मूठ ओढून तोडू नये.

मग गंज. वरवरचा तांबेरा तेल व राखेने जातो. खोल खड्डे मात्र घासून काढावे लागतात आणि खड्डा जर धारेपर्यंत पोचला असेल, तर तेथवरची धार काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. शिकलगार म्हणाला, “गुरुजी, गंज झाकून धार लागत नसते.”

खांडे काढणे हे खरे कौशल्याचे काम. धारेची कड शिळेवर उभी धरून खांडे नाहीसे होईतो खाली आणतात. येथे गणित येते. वस्तरा पाजविताना त्याची पाठ व धार दोन्ही शिळेस टेकलेली असतात, म्हणून पाठीची जाडी व पात्याची रुंदी ह्यांवरून धारेचा कोन आपोआप ठरतो. कारागीर रुंदी सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि विलायतेतही वस्तऱ्याचे माप इंचाच्या आठव्या भागातच सांगतात. समजा, पाते सहा सूत रुंद व पाठ दीड सूत जाड आहे. पाठ रुंदीच्या चौथा हिस्सा झाली आणि धारेचा कोन सुमारे १४ अंश आला. आता खांडे काढताना रुंदी पाच सूत उरली व पाठ तशीच राहिली, तर कोन १७ अंशांवर जातो. आणखी घासला तर वस्तरा जाड होऊन दाढीस ओढू लागतो. म्हणून रुंदी कमी झाली की दोन्ही बाजूंचे पोटही नव्याने घासून पातळ करावे लागते व पाठही प्रमाणात उतरवावी लागते. हीच नवी घडण.

त्यासाठी शिकलगाराने साण वापरली. आपली जुनी साण म्हणजे कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेले चाक. एकाने दोरीने ओढावे व दुसऱ्याने पाते धरावे, अशी ती चाले. माझ्या शिकलगाराने तिला मोटार जोडली होती, पण ती सावकाश फिरे आणि शेजारी पाण्याची बादली होती. पाते चाकास टेकवताना त्याचा अंगठा पात्याच्या दुसऱ्या अंगास असे. अंगठ्यास ऊब लागली की लगेच पाते पाण्यात. माझा रॉजर्स ज्या एका गोष्टीअभावी गेला, ती गोष्ट म्हणजे ही बादली. जुने वस्तरे पाचरीसारखे सपाट पोटाचे असत. पुढे एकोणिसाव्या शतकात दोन्ही पोटे चाकाच्या गोलाईने खोलगट घासण्याची रीत बळावली. असे पाते लवकर पाजवले जाते, पण तितक्याच लवकर तापते, हे ध्यानी ठेवावे.

शेवटी शिळा. प्रथम खरखरीत, नंतर मध्यम व अखेरीस काचेसारखी गुळगुळीत. शिळेवर पाते धारेच्या दिशेने पुढे न्यावयाचे, वळविताना पाठीवर वळवावयाचे आणि हाताचे वजन टाकावयाचे नाही. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे व धार मागे. तेथे चूक झाली तर पट्टाही कापला जातो व धारही मरते. शिळेवर राहिलेली धातूची सूक्ष्म लव पट्टा सरळ करतो. सुश्रुतांची सावरीची फळी तेच काम करी. दाढी झाल्यावर पाते कोरडे पुसून तेलाचे बोट फिरविले की झाले.

तिसऱ्या दिवशी शिकलगाराने वस्तरा माझ्या मनगटावरून फिरविला. लव उडाली, कातडीस कळलेही नाही. सहा सुतांचा वस्तरा पाच सुतांचा झाला होता. पाठीजवळ दोन बारीक खड्डे त्याने मुद्दाम राहू दिले. ते काढण्यासाठी पाठ आणखी उतरवावी लागली असती. “आजोबांच्या हातची एवढी खूण असू द्या,” असे तो म्हणाला.

उपसंहार

श्रीसंत सेना महाराजांच्या पुण्यतिथीस, श्रावण वद्य द्वादशीला, मी आता त्याच वस्तऱ्याने स्वतःची दाढी करतो. निळा पडलेला रॉजर्सही टाकलेला नाही. तो धोकटीत शेजारीच असतो. नातवंडांना दोन्ही दाखवितो. एकाने आजोबांचे कसब कळते व दुसऱ्याने माझी घाई.

ज्ञातिबंधूंना एवढीच विनंती आहे. दिवाळीची आवरासावर करताना पेटीत धोकटी सापडली तर ती भंगारात देऊ नये. वस्तऱ्यास तेल लावून कोरड्या कापडात गुंडाळावे, विजेच्या चाकावर देऊ नये. आपल्या जिल्ह्यात जे जुने शिकलगार अद्याप हात चालवीत आहेत त्यांच्यापाशी आपल्या मुलांनी चार दिवस बसावे. ते गेल्यावर ही विद्या पुस्तकातून येणार नाही. आणि मुलांना त्या वस्तऱ्याचा इतिहास सांगताना उपालीचा मान व १८९० चा निश्चय अभिमानाने सांगावा, तसे ज्यांना आपल्या दारातून परत जावे लागले त्यांच्याविषयीही सांगावे. धोकटी आपली आहे, तेव्हा तिच्यातले सगळेच आपले.

लेखात काही न्यून राहिले असेल तर सुज्ञांनी क्षमा करावी व चूक दाखवून द्यावी. इति अलम्.